ठरावबाईंचे शनिवार

ठरावबाईंइतकं थकलेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. शनिवारी दुपारी शहाद्याच्या एसटीतून त्या फाट्यावर उतरायच्या आणि फाट्यापासून शाळेपर्यंत तीनदा थांबायच्या. शाळेच्या ओट्यावर बसून चपला काढायच्या, पाय लांब करायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "दहा मिनिटं मला कुणी काही विचारू नका." आम्ही वीसेक मुलंमुली गप्प उभी राहायचो. पुढारपण शिकवायला कुणी ताठ मानेची, मोठ्या आवाजाची बाई येईल असं आम्हाला वाटलं होतं. आली ती ही.

आमची वसाहत धरणामुळे उठून आलेल्यांची. सातपुड्यातलं आमचं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा मी आईच्या पाठीवर होते. शहादा तालुक्यातल्या एका जुन्या गावाच्या कडेला सरकारने आम्हाला जमीन दिली. त्या जमिनीवर तोवर गावची गुरं चरत होती. भांडण तिथूनच सुरू झालं. मी नववीत असताना ते इतकं पेटलं की एका सकाळी दोन्हीकडून काठ्या आणि दगड निघाले. आमची घरं जळाली. गावातल्या एका माणसाचा डोळा गेला. माझा थोरला काका त्या दिवशी मेला. पुढे वर्षभर शाळेसमोर पोलिसांची गाडी उभी असायची. वर्गात गावची पोरं एका भिंतीला, आमची दुसऱ्या भिंतीला, मधली रांग रिकामी. दप्तरात पुस्तकांखाली दगड असायचे. माझ्याही असायचे.

त्याच वर्षी बाईंना एका संस्थेने पाठवलं. सोबत 'युवा नेतृत्व' असं लिहिलेला एक फलक दिला होता. बाईंनी तो पहिल्याच दिवशी भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. म्हणाल्या, "तुमच्यातल्या दोघातिघांना पुढारी व्हायचं असेल. ते मी न शिकवताही होतील. बाकीच्यांनी सभेत बसायला शिका. ते जास्त अवघड आहे."

आणि त्यांनी खरोखर आम्हाला सभेत बसायलाच शिकवलं. खिडकी उघडायची की नाही, याचाही ठराव व्हायचा. कुणीतरी सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग हात वर. विरोधात किती हात, ते मोजून त्या प्रत्येकाचं नाव वहीत लिहायला लावायच्या. "जिंकलेल्यांची नावं लोक लक्षात ठेवतातच," त्या म्हणायच्या, "हरलेल्याचं लिहून ठेवायचं. त्याला उद्या याच खोलीत परत यायचंय." ठरावबाई हे नाव त्यांना यावरूनच पडलं. ते पाडलं सुनीलने. सुनील गावातला, अकरावीत होता. आमच्या सगळ्यांत बोलायला तरबेज. बाईंचा तो लाडका होता आणि ते त्यांना लपवता यायचं नाही.

भाषेचा घोळ पहिल्याच महिन्यात झाला. गावची पोरं अहिराणीत बोलायची, आम्ही पावरीत. एकमेकांचं निम्मं कळायचं आणि उरलेलं निम्मं शिवी आहे असं वाटायचं. बाई म्हणाल्या, "इथे पुस्तकातली मराठी बोला." सुनील म्हणाला, "ती कुणालाच नीट येत नाही, बाई." बाई म्हणाल्या, "म्हणूनच. सगळे सारखेच अडखळतील."

त्यांचा एक नियम मात्र आम्हाला फार जड गेला. कुणाशी वाद घालायचा असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. तो "हो, मला हेच म्हणायचंय" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. त्याने हो म्हटल्यावरच आपलं बोलायचं. माझी जोडी योगिताशी लावली. ज्याचा डोळा गेला त्याची ती मुलगी. बाईंना हे माहीत होतं. माझ्या काकाचंही माहीत होतं.

पहिल्या शनिवारी मी म्हणाले, "हिच्या वडिलांना भांडणात लागलं." योगिताने मान हलवली, नाही. दुसऱ्या शनिवारी म्हणाले, "हिच्या वडिलांचा डोळा गेला." ती पुन्हा म्हणाली, नाही. मला संताप आला. गेलाच होता ना डोळा, अजून काय हवं? बाई भिंतीला टेकून बसून राहिल्या. तिसऱ्या शनिवारी योगिता स्वतःच फुटली. पुस्तकातली मराठी विसरून म्हणाली, "मन्हा बापना डोया गया, आनि तो भांडाले गयाच नव्हता. तो दूध घालाले गयथा." मग मी म्हणाले, "तुझा बाप दूध घालायला चालला होता. आमच्यातल्या कुणीतरी दगड मारला. त्याने काही केलं नव्हतं." योगिता म्हणाली, "हां. खरं शे." मग तिने माझ्या काकाचं सांगायला सुरुवात केली. तिलाही तीन शनिवार लागले. घरी येऊन मी दप्तरातले दगड बाहेर टाकले. त्या दिवशी नाही, नंतर केव्हातरी.

पुढे पाण्याचं निघालं. गाव आणि वसाहत मिळून एकच ग्रामपंचायत, पण नळ गावापर्यंतच होता. आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज लिहिला. सुनील आणि मी तो देऊन आलो. बाईंनी विचारलं, "पोहोच कुठे आहे?" आम्ही घेतली नव्हती. "मग तुम्ही अर्ज दिलेलाच नाही," त्या म्हणाल्या आणि आम्हाला परत पाठवलं. ग्रामसभा पहिल्यांदा माणसं जमली नाहीत म्हणून बारगळली, दुसऱ्यांदा भांडणात मोडली. तिसऱ्या वेळी सुनील उठला आणि वसाहतीच्या बायका किती लांबून पाणी आणतात ते त्याने सांगितलं. मी उठून गावाची भीती सांगितली, की नळ पुढे नेला तर त्यांच्याकडे पाण्याचा जोर राहणार नाही. लोक गोंधळले. आपली बाजू समोरच्याची पोरं मांडताहेत, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. ठराव झाला. पाणी यायला दोन वर्षं लागली, आणि अजूनही उन्हाळ्यात ते दिवसाआड येतं.

पाणी येण्याआधीच ते झालं. एका शनिवारी वसाहतीतला बैल गावातल्या कापसात शिरला. शाळेबाहेर आरडाओरडा झाला म्हणून बाई ओट्यावर आल्या, त्यांच्यामागे आम्ही. सुनीलचे वडील आणि आमच्यातला एक म्हातारा हमरीतुमरीवर आले होते. म्हाताऱ्याने सुनीलच्या वडिलांची कॉलर धरली. सुनील आमच्यातून धावत गेला, वाकला आणि दगड उचलून मारला. म्हातारा खाली बसला. डोक्यातून रक्त येत होतं. तो वाचला, पण सुनीलवर केस झाली. तो नुकताच अठरा वर्षांचा झाला होता.

संध्याकाळी सुनीलची आई बाईंच्या पायाशी बसली. सुनील उभा होता. तो म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त इतलं सांगा, मी तठे नव्हतू." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तू होतास, सुनील. मी पाहिलं."

दुसऱ्या दिवशी आमच्या वसाहतीतली कर्ती माणसं बाईंना भेटली. माझा बा त्यांच्यात होता. त्यांचं म्हणणं होतं की सुनीलच्या नावाबरोबर अजून तिघांची नावं द्या. ते तिघे मागच्या वेळी घरं जाळताना होते आणि सुटले होते. बाई म्हणाल्या, "काल ते नव्हते."

बा म्हणाला, "मागच्या वेळी होते."

"मागच्या वेळी मी नव्हते, दादा. मी काल पाहिलं तेवढंच सांगेन."

त्यांनी पोलिसांना सुनीलचं एकच नाव दिलं. गावाने म्हटलं, बाई वसाहतीला विकली गेली. वसाहतीने म्हटलं, बाई गावाला घाबरली. संस्थेच्या साहेबांनी फोनवर विचारलं म्हणे, पोलिसांच्या भानगडीत पडायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं. बाने मला शाळेच्या ओट्यावर जायचं नाही असं बजावलं.

पुढचे चार शनिवार बाई आल्या आणि एकही पोर गेलं नाही. आमच्या घराच्या दारातून शाळेचा ओटा दिसतो. त्या चपला काढून दोन तास बसायच्या, वहीत काहीतरी लिहायच्या आणि पाचच्या एसटीने परत जायच्या. ती वही मी नंतर पाहिली. चारही दिवसांच्या तारखा होत्या आणि पुढे, 'उपस्थिती : कोणी नाही. सभा नियमाप्रमाणे दोन तास चालली.'

पाचव्या शनिवारी मी भाकरी थापता थापता उठले. बा अंगणात होता. मी म्हणाले, "जाते." तो म्हणाला, "ती आपली नाही." मी म्हणाले, "त्यांचीही नाही." त्याने अडवलं नाही, माझ्याकडे पाठ करून दोरी वळत राहिला. मी पोचले तेव्हा योगिता आधीच येऊन बसलेली होती. बाईंनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, "दहा मिनिटं."

हळूहळू सात-आठ जण परत आले. सुनील जामिनावर सुटल्यावर एकदा फाटकाशी येऊन उभा राहिला. बाईंनी विचारलं, "आत येतोस?" तो नाही म्हणाला, पण सभा संपेपर्यंत तिथेच उभा होता. नंतर तो सुरतेला कामाला गेला. तो फाटकाशी उभा राहिला त्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाई बराच वेळ उठल्याच नाहीत. मी पाणी आणून दिलं. त्या म्हणाल्या, "खरं बोलून माणूस हलकं होतं असं कोण म्हणतं गं? मला तर तसं काही वाटत नाही." त्या वर्षाअखेर संस्थेचा कार्यक्रम संपला आणि बाई यायच्या बंद झाल्या.

मी आता वसाहतीकडून ग्रामपंचायतीची सदस्य आहे. योगिताचं लग्न गावातच झालं. गेल्या वर्षी बाई आजारी असल्याचं कळलं म्हणून मी नंदुरबारला त्यांच्या बहिणीच्या घरी गेले. खाटेवर त्या उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा तसाच, फक्त आता थकण्याला कारण होतं.

"सुनील?" त्यांनी आधी विचारलं.

"सुरतेलाच असतो. मुलगी झाली त्याला. योगिताशी बोलतो. माझ्याशी नाही."

"माझ्याशीही नाही," त्या म्हणाल्या. मग, "भांडणं थांबली का?"

हो म्हणावंसं फार वाटलं. "नाही बाई. मागच्या उन्हाळ्यात दोनदा झाली."

"दगड?"

"एकदा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. तेवढ्यात म्हणाल्या, "मग आपण केलं काय गं एवढे शनिवार?"

मी विचार करून सांगितलं, "आता आधी फोन येतो. गावात डोकी तापली की योगिता मला सांगते, तुमच्या लोकांना आज कालव्याकडे पाठवू नको. आमच्याकडे तापली की मी तिला सांगते. निम्म्या वेळा लोक आमचं ऐकत नाहीत."

"आणि निम्म्या वेळा?"

"घरी जातात."

बाईंनी विचारलं, "लिहून ठेवता का ती?"

"कोणती?"

"जी भांडणं झाली नाहीत ती. त्यांची पोलिसांत नोंद होत नसते. कुणीतरी लिहायला हवीत, नाहीतर तुम्हाला वाटेल की तुम्ही काहीच केलं नाही." एवढं बोलून त्यांना धाप लागली. बहिणीने मला खुणेने उठायला सांगितलं.

बाई त्याच वर्षी हिवाळ्यात गेल्या. मला दहा दिवसांनी कळलं. मी योगिताला सांगितलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती शहाद्याहून एक जाड वही घेऊन आमच्या घरी आली. वसाहतीत ती पहिल्यांदाच येत होती. माझ्या बाने तिच्यासाठी खाट टाकली आणि तो आत निघून गेला. पहिली ओळ कोणती लिहायची यावरून आमचं दोघींचं जुंपलं. ती म्हणे, कालव्यावरचं भांडण आधी टळलं. मी म्हणे, चाऱ्याचं. आवाज इतके चढले की शेजारच्या बायका दारात आल्या. शेवटी दोन्ही लिहिली.