भागीच्या हाडातला मगज

आधी माफी मागतो. आमच्या घरात कागदावर चार ओळी लिहिणारा मी पहिलाच, आणि जे शिकलो तेही अजून अर्धंच आहे. गावात राहिलेल्यांना हा मोठेपणा वाटेल. माझ्यासारखे सोलापुरात खोली घेऊन राहणारे म्हणतील, यात नवीन काय? तरी लिहितो, कारण सहा दिवस दुसरं काही सुचलेलं नाही.

मंगळवेढ्याच्या पलीकडचं आमचं गाव सोडून पाच वर्षं झाली. निघालो त्या दिवशी माझे वडील, आबा, मेंढरं माळावर थांबवून फाट्यावर आले होते. एसटी दिसल्यावर एवढंच म्हणाले, "तितं समदी सारकीच दिसतील तुला. कळप बी लांबनं सारकाच दिसतो. जवळ जाऊन बघ." धाकटी बहीण भागी माझी पिशवी धरून उभी होती. पुढं तीन वर्षं रोज सकाळी तीच माझा डबा फाट्यावर आणून सोलापूरच्या एसटीत ठेवायची. भाकरीला तूप लावलेलं असायचं. तिच्या भाकरीला असतं का, हे मी कधी विचारलं नाही.

आता एम.एस्सी.ला मी रक्ताच्या पेशी शिकतो. हाडाच्या मगजात, म्हणजे पुस्तकातल्या अस्थिमज्जेत, काही मोठ्या, बेढब पेशी असतात. त्यांचे बारीक तुकडे सुटतात, त्याच प्लेटलेट; जखमेचं रक्त त्या थांबवतात. मला वाटायचं, या मोठ्या पेशींचं तेवढंच काम. पण त्या सगळ्या एकसारख्या नसतात. काही तुकडे सोडतात, काही मगजातल्या कोवळ्या पेशींना सांभाळतात, काही जंतूंची चाहूल घेतात आणि त्यांच्याशी लढायला मदत करतात. वाचताना आबांचा कळप आठवला. एक मेंढी चरत असते, एक कोकरापासून हलत नाही, एक सारखी मान वर करून बघत असते. लांबून सगळी मेंढरंच.

मग भागीच्या अंगावर निळे डाग उठले. दात घासताना रक्त यायला लागलं. आबा तिला सोलापूरच्या दवाखान्यात घेऊन आले. प्लेटलेट फारच कमी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, कमरेच्या हाडातून थोडा मगज काढून बघू. प्लेटलेट आत तयारच होत नाहीत की तयार होऊन बाहेर मरतात, ते कळेल. आत काही वाईट असेल तर तेही कळेल.

आबा म्हणाले, "न्हाय."

खाटेवरून भागी म्हणाली, "दादा, नळी फोडून बघनार व्हय माजी? मीठ-मसाला आनू का?" मी हसलो. आबा हसले नाहीत.

बाहेर टपरीवर चहा गार झाल्यावर ते बोलले. दुष्काळात मेंढरू मेलं की ते त्याच्या मांडीच्या हाडाची नळी फोडून बघायचे. मगज पांढरा, घट्ट असला तर रोगानं मेलं. लाल, पाण्यासारखा असला तर उपाशी मेलं, म्हणजे राखणाऱ्याची चूक.

"तूप तुज्या डब्यात जायचं," ते म्हणाले. "तिच्या ताटात न्हाय. हाड तेच सांगंल की."

मी सांगितलं, माणसाच्या कमरेतला मगज लालच असतो आबा, चांगला असला तरी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कळतंय न्हवं? मग तूच सांग, करायचं का." मला अर्धंच कळत होतं. तरी "करू" म्हणालो.

मगज काढल्यावर आबा दवाखान्यात भागीजवळ थांबले आणि मला कॉलेजला पिटाळलं. तेव्हापासून वर्गात बसतो, मायक्रोस्कोपला डोळा लावतो, काही दिसत नाही. फार थकलोय. पूर्वी घर म्हणजे डब्याच्या झाकणाला आतून धरलेले वाफेचे थेंब. आता घर म्हणजे फोनवर आबांचं नाव कधी दिसतं याची वाट बघणं, आणि ते दिसेल म्हणून घाबरणं.

आज दुपारी दिसलं.

"रिपोट आला," आबा म्हणाले. "तुज्या त्या मोट्या पेशी लई हायत म्हन. वाईट काय न्हाय. मेंढरांचा वाडा भरलेला हाय, पर आपलंच राखनीचं कुत्रं कोकरं खातंय. त्याला मारायचं न्हाय, गोळ्या दिऊन गप करायचं, आसं म्हनला डाक्टर."

डॉक्टर कुत्र्याचं बोलले नसणार, अंगाची रोगप्रतिकारशक्तीच तिच्या प्लेटलेट मारते आहे असं म्हणाले असणार, हे मला माहीत होतं. पण आबांना बरोबर कळलं होतं, माझ्यापेक्षा नीट. मी काही बोलणार तोवर तेच हळू आवाजात म्हणाले,

"मी इचारलं त्याला, पोरगी उपाशी ऱ्हायली व्हती का. न्हाय म्हनला."