उंबऱ्यावरची मिठाची पुडी

मी निघाले त्या सकाळी बाबा घरी नव्हते. फेब्रुवारी म्हणजे आमच्या उरणकडे मिठाचा ऐन हंगाम, त्यामुळे कामाचं निमित्त आयतंच होतं. माझा चुलतभाऊ नरेश, एरवी बंदरावर ट्रेलर चालवणारा, कुणाची तरी गाडी मागून आणून दारात हॉर्न वाजवत होता. आई म्हणत होती, "थांब रं जरा, येतील."

आले. पाय पोटऱ्यांपर्यंत पांढरे झालेले. माझ्याकडे न बघता त्यांनी कमरेची पुडी सोडली आणि उंबऱ्यावर ठेवली. त्या वर्षीचं नवं मीठ. आमच्यात मीठ कुणाच्या हातात देत नाहीत. देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण लागतं म्हणतात. खाली ठेवायचं, ज्याला हवं त्याने उचलायचं.

"ज्यांचं मीठ खाशील त्यांचीच होशील, बाय," एवढं बोलून ते आल्या वाटेने मिठागरात परत गेले.

मी पुडी उचलली आणि गाडीत बसले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते, लाजायचं काय त्यात? तत्त्वज्ञानात बी.ए. केलं तेव्हा बाबांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले. पण पुढे मी पोर्तुगालला जाणार, तेही ख्रिस्ती संतांच्या ध्यानाचा, मौनाचा, देवाशी एकरूप होण्याच्या त्यांच्या वाटेचा अभ्यास करायला, हे कळल्यावर नाक्यावर एकच वाक्य फिरलं: पोर बाटणार. बाबांनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त माझ्याशी बोलणं थांबवलं, उंबऱ्यावरचं ते एक वाक्य सोडलं तर.

पाच महिने. मी फोन केला की आई म्हणायची, "हायेत इथंच. ऐकतायत." मी मग थोडं मोठ्याने बोलायची. इथे पावाला जवळपास पावच म्हणतात, चावीला चावीसारखंच काहीतरी. ते ऐकून पलीकडे कुणीतरी खाकरायचं, आणि मला तेवढंही पुरायचं. फोन ठेवल्यावर मात्र वाटायचं, वर्गात पहिली येईन, पदवी मिळेल, पण घरी गेल्यावर बाबा उठून मिठागरात निघून गेले तर त्या पदवीचं करायचं काय?

जुलैत अभ्यासाचा भाग म्हणून मला सात दिवस एका मठात राहायचं होतं. दक्षिणेकडचं समुद्राकाठचं गाव. सातही दिवस मौन, जेवतानासुद्धा. तिसऱ्या दिवशी सूप अळणी झालं होतं. समोर बसलेल्या सिस्टर इनेस, सत्तरीच्या, मठाचं कोठीघर सांभाळणाऱ्या. त्यांनी माझा चेहरा ओळखला असणार. खड्या मिठाची चिमूट घेऊन त्यांनी माझ्या हातावर ठेवायला हात पुढे केला. मी हात मागे घेतला. त्यांना वाटलं मला दिसलं नाही. पुन्हा पुढे केला. मी पुन्हा मागे घेतला आणि बोटाने टेबल दाखवलं. त्यांनी मीठ स्वतःच्याच ताटलीत टाकलं आणि मान खाली घातली.

पुढचे चार दिवस त्या माझ्यासमोर बसल्या नाहीत. आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

मौन सुटलं त्या सकाळी त्या स्वतःहून आल्या. मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "माझे हात तुला घाण वाटले का?"

कुणाच्या हातचं घ्यायचं आणि कुणाच्या नाही, या गोष्टीने आमच्या देशात माणसांचं काय काय झालंय ते मी पुस्तकात वाचलंय, आजूबाजूला बघितलंय. आणि मीच तसं वागल्यासारखी दिसले होते. मी घाईघाईने सगळं सांगितलं: आमची रीत, भांडणाची भीती, बाबांची पुडी.

त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्याशी भांडण नको म्हणून तू माझ्याशी चार दिवस भांडलीस."

मग त्यांनी सांगितलं की त्यांचे वडीलही मिठागरातच राबले. दुपारपर्यंत तरी थांबायचं कशाला, म्हणत त्या मला लगेच गावाबाहेर घेऊन गेल्या. बघते तर काय, तेच बांध, तेच वाफे, पांढरे ढीग. फक्त आमच्याकडे बांधाच्या पलीकडे कंटेनर रचलेले असतात, इथे बगळे होते. त्या म्हणाल्या, "तुझे वडील या कामाबद्दल काय सांगतात?"

लहानपणी बाबांकडून शंभरदा ऐकलेलं वाक्य मी इंग्रजी करून सांगितलं. "मीठ आपण करत न्हाय, बाय. पानी आत घेयाचं, दार लावायचं, नी गप बसायचं. बाकीचं ऊन करतंय."

सिस्टर वाफ्याकडे वळल्या. "मी आयुष्यभर पाहुण्यांना प्रार्थना म्हणजे काय ते समजावतेय," त्या म्हणाल्या, "मला हे एवढ्या थोडक्यात कधी जमलं नाही."

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे पाऊस, मिठागर पाण्याखाली, म्हणजे बाबा घरात असणार. आईने उचलला. मी काही न बोलता कॅमेरा वाफ्यांवर फिरवला. फोनवरचं चित्र हललं आणि बाबांचं कपाळ दिसलं.

"डाव्या हाताचा बांध कच्चा हाय त्यांचा," बाबा म्हणाले.

पाच महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, "सांगते त्यांना."

"नी ती म्हातारी कोन?"

"मिठागरवाल्याची पोरगी, बाबा. तुमचं बोलणं सांगितलं तिला. म्हणते, आमची प्रार्थना ती हीच."

बाबांनी मान वळवली. मग आईला म्हणाले, "पोर वाळली हाय. इचार, जेवतेय का." मी समोर असताना आईला.

यंदा सुट्टीत घरी गेले तेव्हा सिस्टरांनी दिलेली तिकडच्या मिठाची पुडी मी उंबऱ्यावर ठेवली. त्यांनीही ती माझ्यासमोर टेबलावरच ठेवली होती. बाबांनी ती लगेच उचलली नाही. आधी पाय धुतले, चहा प्यायले. मग दोन खडे जिभेवर ठेवले. "जरा वल्लं हाय," म्हणाले, आणि उरलेलं स्वयंपाकघरातल्या आमच्याच बरणीत ओतलं. आईने हलवून झाकण लावलं. संध्याकाळचं कालवण त्यातलंच.

तुमच्यातल्या कुणाला निघायचं असेल, किंवा माझ्यासारखे निघून गेला असाल, तर घर म्हणजे काय असं विचारू नका मला. मला एवढंच कळलंय. बाबांना त्या सकाळी मला बांधून ठेवायचं असतं, तर त्यांनी रीत मोडून पुडी हातात कोंबली असती. त्यांनी ती खाली ठेवली. उचलायची की नाही, ते माझ्यावर सोडलं.

माझ्या खोलीत इथे बाबांची ती पुडी अजून आहे. संपत आलीय. आणि मी अजूनही कुणाच्या हातून मीठ घेत नाही. सिस्टर इनेसकडे जाते तेव्हा त्या आधी मीठ टेबलावर ठेवतात आणि मगच मला बस म्हणतात.