लेकीच्या रांगेत मी उभी ऱ्हायले

मी सरकारी दवाखान्यात आया हुते, बायकांच्या वॉर्डात. चादरी बदलायच्या, बेडपॅन उचलायचं, ताटं वाढायची. तवा एड्सची बाई आली की केसपेपरच्या कोपऱ्यावर लाल शाईनं फुली मारायचे. फुली दिसली की आमी तिचं ताट लांबनं फरशीवर ठेवायचो आन् पायानं सरकवायचो. मीबी सरकवलंय. खोटं कशाला बोलू. आन् घरी भाकरी थापत लेकीला सगळं सांगायची, आज कोण आलती, कुठल्या गल्लीतली, नवरा काय करतो. लेक ऐकायची.

ती लेक पुढं नर्स झाली, माझ्याच दवाखान्यात लागली. जावई ट्रकवर हुता, बेंगलोर लाईनला. त्यो आजारी पडला आन् गेला. कावीळ म्हणून सगळ्यांस्नी सांगितलं. मलाबी लेकीनं तेच सांगितलतं. मग ती माझ्याकडंच ऱ्हायला आली.

दोनेक वर्सांनी तीबी वाळाय लागली. खोकला जाईना. म्हटलं, "अगं, रगात तरी तपासून घे. दिवसभर दवाखान्यातच असतीस की."

"आपल्या दवाखान्यात? रगात काढणारा माझ्या डब्यातली भाजी खातो, आई. सांजच्या आत बातमी धोब्यापतुर जाईल."

एक दिवस तिच्या पर्समधी मिरजेच्या लॅबचा कागद घावला. मला माझं नाव आन् आकडं तेवढं वाचता येत्यात. कागदावर नाव माझं हुतं, वय मातुर तिचं. विचारलं तर म्हटली, "तुला काय झालं न्हाय. नाव फकस्त तुझं दिलंय." आन् तिनं कागद परत पर्समधी कोंबला. तवा मला कळलं.

पुढं आमच्याच दवाखान्यात त्या रोगाच्या गोळ्या फुकट मिळाय लागल्या. सकाळी व्हरांड्यात रांग लागायची. माझीच लेक जाता-येता त्या बायकांस्नी दम द्यायची, "गोळी चुकवायची न्हाय. लाजायचं न्हाय. कळलं?" आन् सवता उभी ऱ्हायना. "मी हितं उभी ऱ्हायले तर उद्या माझ्या हातनं इंजेक्शन कोण घील?" सांगलीला जा म्हटलं, तर तिथं संगं शिकलेल्या पोरी हाईत म्हणायची.

शेवटी त्यो कागद घेऊन मीच रांगेत उभी ऱ्हायले. नाव तर माझंच हुतं. वाटलं, गोळ्या घीन आन् तिला दीन. खिडकीतली बाई म्हटली, "मावशी, वय बत्तीस लिवलंय हितं."

"लिवणाऱ्यानं चुकवलं आसंल."

"मग परत रगात काढूया."

काढलं. माझ्यात काय निघणार? गोळ्या मिळाल्या न्हाईत.

पण रांगेत सगळ्यांनी मला बघितलं हुतं. दुसऱ्या दिवशी चहाला माझा कप येगळा, खिडकीत. माझ्या जोडीची आया म्हटली, "राग मानू नगंस बाय, लेकरंबाळं हाईत आमाला." रगात चांगलं निघालंय म्हटलं, तर म्हणती, "व्हय व्हय, सगळ्यांचंच चांगलं निघतंय." जास्त बोलले असते तर कागद कुणाचा ते सांगावं लागलं असतं. चहा प्याले. वर बघितलं तर दारात लेक. तिची नजर कपावर.

त्या दिसापासनं तिनं रांगेचा विषयच काढू दिला न्हाय. पाया पडले तिच्या. म्हटली, "तुला काय झालेलं न्हाय तरी ही गत. मला तर झालंय, आई."

सहा म्हैन्यात तिनं अंथरूण धरलं. घरीच. अंग पुसाय बसले की म्हणायची, "हातमोजं घाल." आवाज आगदी वॉर्डातला.

"गप. उघड्या हातानं न्हाऊ घातलंय तुला."

"घाल म्हणते न्हवं?"

न्हाय घातलं तर हात लावू द्यायची न्हाय, भिंतीकडं तोंड करायची. मग घातलं. शेवटापतुर घातलं. तिच्या अंगाचा ताप मला रबरातनंच कळायचा, आन् अंग थंड पडलेलंबी रबरातनंच कळलं.