चप्पल काढायच्या आधी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धाकट्या भावाला नाही, आणि जिच्यापासून लपवलं त्या आईला तर नाहीच. गोष्ट म्हणाल तर एका फोनची. फोन मी केलाही होता. पण जे विचारायला केला, ते विचारलं नाही — नाही, असं मध्येच सांगून कळायचं नाही. आधीचं सांगते.

आम्ही लोणी काळभोरचे. आप्पा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. आई सोलापूर रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून पालेभाजी विकायची. दोघांचं मिळून घर चालायचं, म्हणजे चालवलं की चालायचं. दात दुखला तर लवंग. त्यानं थांबला नाही तर मिठाचं पाणी. त्यानंही नाही थांबला तर गप्प बसणं.

मी प्राथमिक शाळेत असेन. आप्पांची दाढ अशी सुजली की गाल पावासारखा फुगला. शेवटी हडपसरच्या एका दातांच्या दवाखान्यात गेलो, आई, आप्पा आणि त्यांच्या मागे मी. किती पैसे लागतील हे आम्ही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी दाढ कोरली, आत औषध भरलं आणि मग पुढच्या कामाचा खर्च सांगितला. आप्पा खुर्चीतून उठले. तोंडात कापूस तसाच. डॉक्टर काही वाईट बोलले नाहीत हो, “सोय झाली की या” एवढंच म्हणाले. सोय काही झाली नाही. बाहेर पायरीवर आप्पा चपला शोधत होते. चपला समोरच होत्या. त्यांना दिसत नव्हत्या.

त्या दिवशी आईनं घरात कायदा केला. “आदी इचारायचं, मग चप्पल काढायची.” दवाखाना असो, शिंपी असो, फोटोवाला असो, दारातच उभं राहून ती सगळं विचारून घ्यायची. मग आत. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. तिला त्यात कमीपणा वाटायचाच नाही. का वाटावा? दिवसभर लोक तिला तेच विचारत. मेथी कशी दिली? शेपू कशी? ती म्हणायची, “न इचारता पिशवीत भरनारंच गिऱ्हाईक मागनं भांडतंय.”

आणि तिची हाळी! ती मी कागदावर कशी लिहू? “शेऽऽपू घ्या, शेऽऽपू! कवळीऽ मेथी!” शाळेतून येताना एसटीतून उतरलं की आधी ती हाळी कानावर यायची, मग आई दिसायची. जुडीची सुतळी ती दातांनी तोडायची. पुढचे दोन दात रुंद, मध्ये बारीकशी फट. हसली की तोंडभर हसायची, हात नाही की पदर नाही. मला घर म्हटलं की अजून तेच आठवतं. भिंती नाही आठवत.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. निकालाच्या दिवशी आईनं प्रत्येक गिऱ्हाइकाला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली, कारण विचारलं तर सांगायची, “संगी ग्राज्वेट झाली.” मला त्याचा गर्व होता. आजही आहे, उगाच कशाला नाही म्हणू? नारायण पेठेत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी लागली. पंख्याखाली खुर्ची. डब्याला शेजारी देशपांडे मॅडम. माझी आई काय करते असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, “भाजीपाल्याचं बघते.” खोटं नव्हतं. पण ज्या तऱ्हेनं म्हटलं ना, ऐकणाऱ्याला वाटावं की मोठी बागायत आहे.

मग एका हिवाळ्यात सुतळी तोडताना आईचा पुढचा दात मोडला. शेजारचा आधीच काळा पडला होता. दोन्ही ठणकायला लागले. गार पाण्याचा घोट घेतला की ती डोळे मिटायची. मला म्हणाली, “संगे, तुझ्या हापिसाजवळ दवाखाना हाय म्हनतीस न्हवं? इचारून ये. नुसतं बघायचं किती. फोटूचं किती. नस काढायचं किती, आन् वरची टोपी त्यात धरून का सोडून. आन् समदं एकदम मागत्यात का येळंला थोडं थोडं.” बाजूला बसणाऱ्या बाईनं असं काम करून घेतलं होतं, तिच्याकडून तिनं सगळी माहिती काढली होती. मला फक्त विचारायचं होतं. एवढंच काम.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना देशपांडे मॅडम आपल्या नात्यातल्या कुणाबद्दल सांगत होत्या. त्या बाईंनी म्हणे दवाखान्यात फोन करून प्रत्येक गोष्टीची किंमत विचारली. मॅडम त्यांच्या त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, “मी म्हटलं, अहो, दवाखाना आहे तो. मंडई नाही, भाव करायला.”

सगळे हसले. मीही हसले.

आता तुम्हीच सांगा — नको, सांगू नका. मी कुणावर हसले ते मला तेव्हाच कळलं होतं.

डबा झाल्यावर मी पॅसेजमध्ये जाऊन फोन लावला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, “नमस्कार, बोला.” मॅडम जिन्याच्या तोंडाशी हात धूत होत्या. आणि मी — इतकी शिकलेली मी, हिशेब तपासायचा पगार घेणारी मी — काय विचारलं असेल? “संध्याकाळी किती वाजेपर्यंत असता?” तिनं वेळ सांगितली. “अपॉइंटमेंट देऊ का?” म्हणाली. मी कळवते म्हटलं आणि फोन ठेवला.

मॅडम गेल्यावर पुन्हा लावता आला असता. घरी जाताना दवाखान्यावरूनच जायचं होतं, काचेचं दार ढकललं असतं तरी चाललं असतं. त्या दारासमोर मी थांबलेही. आत बाकावर चार माणसं होती. मला वाटलं, त्या चौघांसमोर मी ‘टोपी धरून की सोडून’ असं विचारलं, तर त्यांना माझ्या अंगाला मेथीचा वास येईल. हो, हेच वाटलं. हे शब्द मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

घरी आले. आई उंबऱ्यातच बसली होती. “इचारलंस?”

विचारायला लाज वाटली असं म्हणाले असते तर ती रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या आणि सकाळी स्वतः गेली असती. दवाखानेवाले फोनवर सांगत नाहीत म्हटलं असतं तरी तिनं दुसरा दवाखाना शोधला असता. मी म्हटलं, “विचारलं. लाखाच्या घरात जातंय.”

तो आकडा हवेतला नव्हता, हेच वाईट. देशपांडे मॅडमच्या सासूबाईंना जबड्यात स्क्रू घालून दात बसवले होते, त्याचा खर्च मी डब्यावर ऐकला होता. काम वेगळं, माणूस वेगळं. माझ्या तोंडात आला तो हाच आकडा. आई एवढंच म्हणाली, “लाख? दोन दातान्ला?” आणि मान हलवली. तिनं दुसरीकडे कुठे विचारलंच नाही. का विचारेल? मी विचारलं होतं ना. शेजारणीला सांगत होती, ते मी आतून ऐकलं. “संगी फोनवर सायबावानी बोलती. तिला कोन फशिवनार?”

चार दिवसांनी गावातच तिनं दोन्ही दात काढून टाकले. काढायला जे लागतं ते तिच्या कनवटीला होतं.

पुढचं सांगायला अवघड आहे, कारण पुढे काहीच झालं नाही. कुणी आजारी पडलं नाही, कुणी भांडलं नाही. फक्त ‘शेपू’ म्हणताना वारा निसटायला लागला. रस्त्यावरची पोरं तिची नक्कल करायची. महिनाभर तिनं हाळी दिली, मग हळू दिली, मग दिलीच नाही. पोत्यावर गप्प बसून राहायची, गिऱ्हाईक आलं तर बोटांनी भाव सांगायची. हसताना पदर तोंडावर यायला लागला. मी संध्याकाळी बसमधून उतरायचे आणि नकळत कान द्यायचे. ट्रकचे आवाज यायचे. अजूनही, आता पोतं उचलून इतकी वर्षं झाली तरी, त्या थांब्यावर उतरले की माझं पाऊल जरा अडतं. कशासाठी ते माझं मला माहीत आहे.

गेल्या वर्षी माझी स्वतःची दाढ दुखायला लागली. आता मी दुसऱ्या ऑफिसात आहे, वरच्या जागेवर. मॅडम म्हणतात लोक मला. मी दार लावून फोन केला आणि आईचे प्रश्न विचारले. तिच्याच क्रमानं. पलीकडच्या मुलीनं एकेक करून सगळं सांगितलं. तपासणीचे इतके, एक्स-रेचे इतके, रूट कॅनॉलचे इतके, कॅप वेगळी, कॅपमध्ये तीन प्रकार, पैसे प्रत्येक सिटिंगला थोडे दिले तरी चालतील. वर म्हणाली, “आधी विचारलंत ते बरं केलंत. लोक खुर्चीत बसल्यावर विचारतात, मग त्यांनाही अवघड होतं आणि आम्हालाही.”

एवढा वेळ लागला. चहा निवायला लागतो, तेवढा.

मग मी विचारलं, पूर्वी, म्हणजे मी नोकरीला नवी होते त्या वेळी, दोन दात वाचवायला काय लागलं असतं? ती हसली, म्हणाली, “मॅडम, यापेक्षा कमीच असणार ना.” आणि आत्ताचासुद्धा खर्च लाखाच्या आसपास नव्हता. माझ्या एका पगारात बसत होता. तेव्हाच्या पगारातही, थोडं थोडं करून, बसला असता.

फोन ठेवायच्या आधी मी आणखी एक विचारलं. काढलेल्या दातांच्या जागी पक्के दात बसवायचे, शेजारच्या दातांना धरून, तर किती? तेही तिनं सांगितलं.

माहेरी जाऊन आईला म्हटलं, दात बसवू. ती म्हणाली, “लाख रुपये म्हातारीच्या तोंडात घालतीस व्हय?” मी म्हटलं, इतके नाही लागत. तिनं माझ्याकडे पाहिलं. “तवा तर लाख म्हनले हुते.”

बघा, देवानं दार उघडून दिलं होतं. आत जायला एक वाक्य पुरे होतं. आणि मी म्हटलं, “आता स्वस्त झालंय, आई.”

ती हसली, पदराआडून. “कोथिंबिरीवानीच हाय म्हना की. आज आभाळाला, उद्या पायाशी.”

तेव्हा माझं खोटं एक नाही, दोन आहेत. पहिलं पंचविशीच्या आतल्या पोरीनं केलं. दुसरं मी केलं, केस पांढरे झाल्यावर, घरात, कुणी ऐकत नसताना.

दवाखान्याच्या दारात आई थबकली. आत गेलीच नाही. काचेपाशी उभी राहून म्हणाली, “इचारलंस?”

“हो,” मी म्हटलं. “सगळं.”

तिनं मान हलवली, अगदी त्या दिवशी उंबऱ्यात हलवली होती तशीच. त्या ‘विचारलं’मध्ये आणि या ‘हो’मध्ये तिला काहीच फरक दिसला नाही. मग खाली वाकून तिनं चपला काढल्या, जोडीनं कडेला लावल्या आणि आत गेली.

मागच्या महिन्यात काम पुरं झालं. घरी येऊन तिनं पेरू चावून खाल्ला, सुरीनं न कापता. हसताना पदर अजून वर जातो. हाताला सवय झाली आहे. परवा मी म्हटलं, एकदा हाळी देऊन दाखव ना. “आता कुनाला इकू?” म्हणाली आणि पेरूच्या बिया थुंकायला दारात गेली.

आईच्या तोंडात पुढचे दोन्ही दात आहेत.