साळू कुणासाठी नाचली

राजेश्वर गावच्या पिराप्पाला पायी चालताना कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. दुकानातून गूळ आणायचा तरी घोडीवर, दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचं तरी घोडीवर. बांधावरच्या बाभळीला घोडी बांधायची, दिवसभर सोयाबीन काढायचं आणि दिवस मावळला की पुन्हा तिच्यावर बसून घरी. शेताचे मालक हसायचे. "मजूर घोडीवर अन् मालक पायी! कसं व्हायचं रे पिराप्पा?" पिराप्पा टाच लावायचा आणि धुरळा मागं सोडून निघून जायचा.

त्याचा बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारा. मेंढरांच्या मागं एक तट्टू चालायचं आणि त्याच्या पाठीवर सगळा संसार असायचा. पालाचं कापड, भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि या सगळ्याच्या वर पिराप्पा. चालायच्या आधी पोरगं घोड्यावर बसायला शिकलं, असं त्याची आई सांगायची. पुढं चराईची रानं उसाखाली गेली, मेंढरं विकली, भाऊ मजुरीला लागले. तट्टाची औलाद तेवढी पिराप्पानं सोडली नाही. त्याची घोडी साळू त्याच औलादीतली. तांबडी, बुटकी, पोटानं जरा सुटलेली. पण एकदा दौडीला लागली की माळावरची कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरून बघत राहायची.

गावात दुसरा घोडेवाला म्हणजे गुंडेराव. विहीर-बागायत असलेला शेतकरी, घरी ट्रॅक्टर, आणि हौस मात्र घोड्याची. माळेगावच्या जत्रेतून त्यानं सुलतान नावाचा उंचापुरा काळा घोडा आणला होता. घोडा आणला, पण बसता येईना. पहिल्याच दिवशी सुलताननं त्याला उसाच्या सरीत नेऊन टाकलं. त्या वेळी त्याला उठवून, अंगावरचा चिखल झटकून, "अण्णा, लगाम वढू नको, हातात धरून बस नुस्ता," असं सांगणारा पिराप्पा होता. तिथून दोघांची जोडी जमली. दर रविवारी सकाळी दोघं हळ्ळीखेडच्या वाटेनं रपेटीला निघायचे. परत येताना बसवंतप्पाच्या हॉटेलात चुरमुऱ्यांचा सुसला आणि भजी, वर चहा. पुढं नेहमी साळू असायची. सुलतान एवढा मोठा, पण त्याला तिच्या पुढं जाता आलं नाही. त्याच्यावरच्या माणसाला घोडा मोकळा सोडायचा धीर व्हायचा नाही, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही बोलायचे नाहीत.

उसाच्या हंगामात पिराप्पा भरलेल्या ट्रॉलीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात सळई टाकली आणि डॉक्टरांनी बाजेवर पडून राहायला सांगितलं. बायको नागूबाई मजुरीला जाणार, पोरगी धनलक्ष्मी कॉलेजला. घोडीला वैरणपाणी कोण करणार? गुंडेराव स्वतःच आला आणि दावं सोडलं.

"तू पाय बरा कर. साळू माझ्याकडं हाय म्हंजे तुझ्या घरीच हाय."

पिराप्पाचे डोळे भरून आले. असा दोस्त नशिबानं मिळतो, असं तो येईल त्याला सांगत राहिला.

गुंडेराव एक दिवसाआड भेटायला यायचा आणि घोडीची खबर सांगायचा. "साळूला लसूणघास लई आवडतोय बघ. हिरवागार टाकतो, मान वर काढत न्हाई." पिराप्पाला बरं वाटायचं. मग एकदा म्हणाला, "तिच्या डाव्या कानामागं खाजवलं की डोळे मिटून घेती. ठावं हाय न्हवं तुला?"

"व्हय, ठावं हाय की," पिराप्पा म्हणाला.

त्याला ठाऊक नव्हतं. गुंडेराव गेल्यावर तो बराच वेळ छताकडं बघत पडून राहिला. इतकी वर्षं घोडी आपल्या हाताखाली, आणि डावा कान आपल्याला माहीत नाही! नागूबाईनं भाकरी आणून ठेवली तर म्हणाला, "भूक न्हाई."

खरा घाव बसला तो धनलक्ष्मीच्या फोनमुळं. पोरगी हसत हसत आली. "अप्पा, बगा की, साळू फोनवर आलीय! सगळी बघायलेत." हळ्ळीखेडच्या कुणाच्या तरी लग्नातला व्हिडिओ होता. हलगी घुमत होती. आरशांची झूल घातलेली, शेपटीची वेणी घातलेली एक घोडी पुढचे पाय उचलून उचलून नाचत होती. मान अशी वाकवलेली, की पिराप्पाला आधी ओळखूच आली नाही. वर गुंडेराव, फेटा बांधून, एक हात कमरेवर ठेवून बसलेला.

"साळू नाचती व्हय?" नागूबाई डोकावून म्हणाली. "कवा शिकली हो?"

पिराप्पानं फोन पोरीच्या हातात दिला. थोड्या वेळानं परत मागून घेतला. मग पुन्हा. साळू त्याच्याकडं असताना कधी नाचली नव्हती. नाचवायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. ती पळायची आणि तेवढंच त्याला पुरे होतं. आता सारा मुलूख त्याच्या घोडीला बघत होता आणि तिच्या पाठीवर दुसराच बसला होता.

त्या दिवसापासून त्याची जीभ कडू झाली. कुणी विचारपूस करायला आलं की म्हणायचा, "अण्णानं घोडी बिघडवली. घोडी म्हंजे काय तमाशातली बाई हाय का?" हिरवा घास खाऊन घोडीचं पोट बिघडतं, लग्नातल्या फटाक्यांनी ती बुजरी होते, असं काय काय सांगायचा. लोक माना डोलवायचे आणि बाहेर गेल्यावर फोनवर साळूचा नाच बघायचे. गुंडेराव यायचा तेव्हा पिराप्पा भिंतीकडं तोंड करून पडायचा.

"घोडी घेऊन ये जा," त्यानं नागूबाईला सांगितलं.

"पाय टेकवता येईना अन् घोडी काय करताव? त्यो माणूस फुकट सांभाळायलाय तर सांभाळू द्या की."

"मी म्हन्लो न्हवं, आण म्हणून!"

नागूबाई गेली नाही. तेव्हा काखेत कुबडी घेऊन पिराप्पा स्वतःच रिक्षात बसून गेला.

गुंडेरावच्या शेतात साळू लिंबाखाली उभी होती. अंग असं चकचकीत, की ऊन तिच्या पाठीवरून घसरत होतं. पिराप्पानं लांबूनच जीभ टाळ्याला लावून हाक घातली. तिनं मान वर केली, बघितलं. तो कुबडी टेकत टेकत जवळ गेला. साळूनं नाक पुढं केलं, कुबडीचा वास घेतला आणि एक पाऊल मागं सरकली.

तेवढ्यात गुंडेराव विहिरीकडून बादली घेऊन आला. बादलीची कडी वाजली मात्र, साळू खिंकाळली.

"अरे, तू आलास? सांगायचं तरी, मी गाडी पाठवलो असतो," गुंडेराव म्हणाला. "दवाखान्याचा वास यायलाय तुझ्या अंगाला, म्हणून बुजली बघ. जरा थांब, ओळखंल."

"माझी घोडी मला ओळखंल का न्हाई, हे तू सांगू नको," पिराप्पा म्हणाला. "दावं सोड."

गुंडेरावचं तोंड उतरलं. गड्याला सांगून त्यानं घोडी पोचती केली आणि सोबत हरभऱ्याच्या चंदीचं एक पोतं पाठवलं. पिराप्पानं पोतं तसंच परत धाडलं.

साळू घरी आली खरी, पण दावणीला तोंड रस्त्याकडं करून उभी राहायची. कडबा टाकला तर वरवरचा पाला तेवढा खायची, बाकीचा पायाखाली. बाहेर कुणाच्या बादलीची कडी वाजली की कान टवकारायची. पिराप्पा बाजेवर बसून हे बघत राहायचा. मध्येच उठून तिच्या डाव्या कानामागं खाजवायचा. ती डोळे मिटायची. मग त्याला वाटायचं, ही आत्ता डोळ्यांपुढं कुणाला बघत असंल? आणि हात काढून घ्यायचा.

"सवत आणल्यावाणी तोंड करून कामून बसलाव?" नागूबाई म्हणाली.

रविवारी गुंडेराव आला तेव्हा पिराप्पानं पोरीकडून "अप्पा झोपलेत" म्हणून सांगवलं. पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतर गुंडेराव आला नाही. सुलतानवर बसून तो एकटाच हळ्ळीखेडच्या वाटेनं जायचा. टापांचा आवाज घरावरून गेला की साळू हिसका द्यायची आणि पिराप्पा दाताखाली सुपारी फोडायचा.

माळावरची बिरप्पा देवाची जत्रा आली तोवर पिराप्पा काठी सोडून लंगडत चालायला लागला होता. जत्रेत घोडेवाले आपापली जनावरं सजवून देवळाभोवती फिरवतात, ढोलांपुढं नाचवतात. पिराप्पा कधी त्यात पडला नव्हता. यंदा त्यानं झूल आणली, साळूच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधला.

"पायात सळई हाय, ध्यान हाय का?" नागूबाई म्हणाली.

"समद्यांला कळू दे घोडी कुणाची हाय ते."

दगडावर चढून, दात-ओठ खात तो घोडीवर बसला. माळावर ही गर्दी! भंडारा उधळत होता, अंगं पिवळी झाली होती. त्याची पाळी आली. ढोलकऱ्यांनी साळूला ओळखलं आणि खुशीत येऊन ठेका धरला. लोकांनी फोन वर केले. पिराप्पानं फोनवर पाहिल्यासारखा एक हात कमरेवर ठेवला.

साळू उभी राहिली. नुसती उभी. शेपटीनं माश्या हाकलल्या.

पिराप्पानं टाच लावली. ती चार पावलं पुढं गेली आणि थांबली. लगाम वर घेतला तर मान झटकली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, गुंडेरावला बोलवा की! तेच्याबिगर न्हाई नाचत ती!"

पिराप्पाच्या डोक्यात भडका उडाला. शेजारच्या माणसाच्या हातातली काठी त्यानं ओढून घेतली. जन्मात कधी त्यानं साळूवर काठी उगारली नव्हती. ती आता वर गेली.

तेवढ्यात डावीकडून, ढोलांच्या दोन ठोक्यांमधून, कुणीतरी जिभेनं टकटक केलेलं ऐकू आलं. पुन्हा टकटक, आणि त्याच तालावर टाळी. साळूचे कान तिकडं वळले. मान कमानीसारखी वाकली. आधी उजवा पाय उचलला, मग डावा, आणि घुंगरांचा पट्टा ठेक्यात वाजायला लागला. माळ गरजला. "वा रे पिराप्पा! वा रे गडी!" त्याच्या अंगावर मूठमूठ भंडारा पडला. पिराप्पाच्या हातातली काठी गळून पडली. तो पोत्यासारखा नुसता बसून होता. घोडी खाली नाचत होती आणि तिच्या एकाही पावलात त्याचा हात नव्हता.

उसाच्या रसाच्या गुऱ्हाळामागं त्यानं गुंडेरावला गाठलं. घोडी त्यानं धनलक्ष्मीच्या हातात दिली होती आणि स्वतः लंगडत आला होता.

"कोण सांगितलं होतं तुला टाळी वाजवायला?"

"कुणी न्हाई," गुंडेराव म्हणाला. "काठी उचललास तू. मला बघवलं न्हाई."

"माझी घोडी हाय! मारीन न्हाई तर काय बी करीन!"

"तुझीच हाय. म्या कवा म्हन्लो माझी म्हणून?"

गुऱ्हाळाचं इंजिन धडधडत होतं. मग गुंडेराव खाली बघत बोलायला लागला.

"खरं सांगू का? तुझा पाय मोडला तवा मला लई वाईट वाटलं. अन् घोडी घरी न्यायलो तवा आतून बरं बी वाटलं. इतकी वर्षं दर रविवारी मी तुझ्या घोडीचा धुरळा खायलोय. एवढा माळेगावचा घोडा, पण लोकं बघायची तुला. तू बसलास की घोडी अन् माणूस येकच दिसायचं. मी बसलो की पोतं दिसायचं. म्हन्लं, पळवता तर येत न्हाई तुझ्यावाणी, नाचवून तरी बघावं. ते तुला येत न्हवतं."

पिराप्पा ऐकत राहिला. इतके दिवस छातीवर जो धोंडा होता तो जरा सरकल्यासारखा झाला. दोस्ताला आपला हेवा वाटत होता, हे ऐकून त्याला राग यायला हवा होता. आला नाही. उलट, दवाखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. इतकं बरं, की स्वतःचीच लाज वाटली.

"लई जळायचास का?" त्यानं विचारलं.

"लई."

"मग मी तुझ्यापरीस ज्यास्त जळलोय," पिराप्पा म्हणाला. दोघांनाही हसू आलं, पण ते लगेच विरलं. "नाचवायचं शिकव मला, अण्णा."

गुंडेराव रसाचा पेला हातात फिरवत राहिला. "बघू," म्हणाला.

दोन-तीन रविवार तसेच गेले. मग एका सकाळी तो आला, सोबत पत्र्याचा रिकामा डबा आणि गुळाचा खडा घेऊन. डबा वाजवायचा, घोडीनं पाय उचलला की गूळ द्यायचा. त्यात जादू काही नव्हती, नुसता धीर होता. पिराप्पाला तो फार नव्हता. दोन दिवस शिकवायचा, तिसऱ्या दिवशी खोगीर टाकून माळावर दौडायला घेऊन जायचा. साळू त्याच्याकडं थोडीफार नाचायला लागली, गुंडेरावसारखी कधीच नाही. पण कडबा पुन्हा बुडख्यापर्यंत खायला लागली.

पुढं सुलतान म्हातारा झाला आणि गुंडेरावनं दुसरी घोडी घ्यायचं ठरवलं. निवडायला पिराप्पाला बरोबर नेलं. माळेगावच्या बाजारात पिराप्पानं सगळ्या रांगा पालथ्या घातल्या. एका कोपऱ्यात राखाडी रंगाची एक तरणी घोडी उभी होती. त्यानं तिचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, चालवून पाहिली. मग लगाम हातात घेऊन एक फेरी दौडून आला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला होता. ही घोडी साळूपेक्षा चांगली होती. दौडीलाही, दमालाही. गुंडेरावसारख्या कच्च्या स्वारालाही ती पुढं काढून नेईल, अशी.

"कशी हाय?" गुंडेरावनं विचारलं.

पिराप्पा खुरांकडं बघत राहिला. "बरी न्हाई" एवढं म्हटलं असतं तरी गुंडेराव पुढच्या रांगेकडं वळला असता. पिराप्पाचं मत तो कधी मोडायचा नाही. घोडीचा मालक विडी ओढत वाट बघत होता.

"घे," पिराप्पा शेवटी म्हणाला. "अशी पुन्हा मिळायची न्हाई."

परतीच्या टेम्पोत तो गावापर्यंत राखाडी घोडीकडं पाठ करून बसला.

पुढच्या रविवारी नागूबाई चूल पेटवायला उठली तर पिराप्पा आधीच अंगणात साळूला खरारा करत होता. नालही नवे ठोकून आणले होते.

"आज एवढ्या लवकर कामून उठलाव?"

"अण्णाची नवी घोडी येणार हाय आज रपेटीला," तो म्हणाला आणि साळूच्या पोटाखालचा पट्टा आणखी एक घर आवळला.