कमरेची शिवण

टेलरिंगच्या दुकानात सगळे त्यांना मास्तर म्हणत. तीस वर्षं कापड बेतणं हेच त्यांचं काम. सुटाचं महागडं कापड, खडूची एक रेघ, आणि मग कात्री अशी चालायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. शिवायला कारागीर होते, पण कात्री दुसऱ्याच्या हाती? नाव काढू नका!

आता कात्री चालवणारी तीच बोटं सकाळी मिटत नव्हती. गुडघेही सुजलेले. ‘वयाचं असेल’ म्हणत मास्तरांनी वर्ष ढकललं. शेवटी बायकोनं त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी वजन केलं, जुन्या नोंदीशी ताडलं. दहा वर्षांत बावीस किलो वाढलेलं! मास्तर चाटच पडले. “छे हो! माझी एकही पँट कधी घट्ट झाली नाही.”

“होईल कशी?” बायको उसळली. “जरा आवळली की उसवून सैल कोण करतं? शिवणीत जादा कापड राखायची खोड तुमचीच ना!”

खरंच होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मास्तर शिवण उसवत, बोटभर सोडत, पुन्हा टीप मारत. पाच मिनिटांचं काम. जगाच्या कमरा मोजणारा माणूस स्वतःच्या कमरेवर पांघरूण घालत आला होता.

“मास्तर, चरबी नुसती पडून राहत नाही,” बाई म्हणाल्या. “तिच्यातून हार्मोन्स रक्तात जातात. लेप्टिन वाढतं, ते शरीराच्या संरक्षक पेशींना चिथावतं. अ‍ॅडिपोनेक्टिन त्यांना शांत करतं, पण चरबी वाढली की नेमकं तेच कमी पडतं. तुमचा हा संधिवात, म्हणजे त्याच पेशी सांध्यांवर उलटणं, निव्वळ चरबीनं झालेला नाही, पण ती आगीत तेल ओततेय. म्हणून सूज हटत नाही.”

“मग घालवतो चरबी!”

“सावकाश जाईल. पोट भरल्याचा निरोप लेप्टिनच मेंदूला देतं, आणि तुमचा मेंदू तो आता नीट ऐकत नाही. भूक छळेल. औषधं घ्या, चाला.”

“चालू कशानं, बाई?” मास्तर गुडघ्यांकडे बघत म्हणाले.

सहा महिन्यांत चार किलो उतरले. भुकेनं जीव कासावीस व्हायचा, मग बायकोवर खेकसायचे, मग ओशाळायचे. बोटं मात्र होती तशीच.

एका सकाळी कोटाचं कापड आलं. मास्तरांनी आखलं, कात्री उचलली. अंगठा कडीत जाईना. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. कारागिरांची मशिनं थांबली.

मास्तरांनी कात्री सगळ्यात जुन्या कारागिरापुढे सरकवली. “काप बाबा. मी बघतोय.”

कात्री कापडात शिरल्याचा आवाज आला, तशी मास्तरांनी मान फिरवली.