शिलाई मशीनची खंडेनवमी

नवमीच्या सकाळी बायको दूध आणायला खाली गेली, तेवढ्यात मी तिच्या शिलाई मशीनची पूजा करून टाकली. चूक एवढीच. मशीनला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, उदबत्ती ओवाळली. यात कुणाचं काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं, आणि ती वर येऊन कौतुक करील म्हणून मी दारातच उभा होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारं पुजतात. गावाकडे कोयता, विळा, कुदळ असायची. इथे पुनावळ्यात, सहाव्या मजल्यावर, कुदळ काय कामाची? म्हणून पाने, पक्कड, वडिलांचा माप घ्यायचा जुना व्हर्नियर आणि माझ्या दुचाकीची किल्ली पाटावर मांडतो. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत चालवायचं नाही, असा घरचा नियम. नियम मला पाठ आहे. फक्त आठवतो तो नंतर.

यंदा मला चेव आला त्याला आमची कंपनी कारण. आदल्या दिवशी चाकणला कंपनीत पूजा झाली आणि साहेबांनी भाषण ठोकलं, की जे जे यंत्र भाकरी देतं ते ते दैवत. मी प्लॅनिंगला आहे, म्हणजे दिवसभर लोकांना फोन करून ‘माल कधी निघतोय?’ एवढंच विचारतो. त्यामुळे भाषणं ऐकायला मला वेळ असतो आणि ती मनावर घ्यायलाही. पेढ्याचा पुडा घेऊन घरी आलो, खिडकीजवळचं शिलाई मशीन दिसलं, आणि मनात आलं, अरे, हेही भाकरी देतं की! आपल्या पाटावर याला कधीच जागा कशी नाही? सकाळी उठून मी सुधारणा केली.

बायको वर आली. माळ बघितली.

“हे कुणी केलं?”

“मी,” मी छाती पुढे काढून म्हणालो.

“अहो, बाह्या जोडायच्या राहिल्यात!”

समोरच्या इमारतीतल्या मुलीचा साखरपुडा दसऱ्याच्या मुहूर्तावर होता. तिचा जरीकामाचा ब्लाउज हिच्याकडे होता. बाकी सगळा झालेला, फक्त बाह्या बाकी. दिवेलागणीला मुलीची आई न्यायला येणार होती. ब्लाउज नीट बसला तर लग्नाचं सगळं शिवण हिच्याकडे येणार होतं, आणि वेळेवर मिळाला नाही तर ती बातमी सोसायटीच्या ग्रुपवर फुलांच्या शुभेच्छांबरोबर फिरणार होती.

“एवढंच ना?” मी म्हणालो. “माळ काढतो, तू शीव.”

“माळेला हात लावायचा नाही,” आतल्या खोलीतून आवाज आला.

तो तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. तात्यांनी उभा जन्म भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर काढला. ऐकायला त्यांना अलीकडे कमी येतं, पण धर्म बुडत असला तर तो त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. ते बाहेर आले, मशीनसमोर उभे राहिले, नमस्कार केला आणि खुर्ची ओढून तिथेच बसले. पहाराच तो.

“तात्या, नवरीचा ब्लाउज आहे हो,” मी म्हणालो.

“बसलेलं हत्यार उठवत नाहीत. पोथीत आहे.”

“दुसऱ्या कुणाच्या मशीनवर शिवलं तर?” मी बायकोला विचारलं.

“कुणाच्या? खाली शिवणकाम करणाऱ्या दोघींनी पहाटेच पूजा केली. त्यांची कामं झाली होती. त्यांच्या नवऱ्यांनी कशाला हात लावला नव्हता.”

एवढ्यात माझा मेहुणा, जेवायला म्हणून सकाळीच, आला. चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत तो प्रेसवर आहे, आणि त्यांचीही मशीनं आज बंद. मेहुण्याचा देवावर विश्वास नाही. हे तो दरवेळी जेवणाआधी सांगतो आणि नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी सगळ्यांच्या आधी उचलतो.

त्याला हकिकत कळली तसा तो खूश झाला. “दाजी, पोथीतली गोष्ट काय आहे? त्या राजपुत्रांनी अज्ञातवासात शमीच्या झाडावर हत्यारं लपवली. वर्षाने खाली काढली, पूजा केली. बरोबर? आणि मग काय केलं? लढाईला गेले! हत्यारं पुजून कुणी झोपलं नव्हतं. तात्या, तुमच्या पोथीप्रमाणे तर मशीन आत्ताच्या आत्ता चालू पाहिजे.”

तात्या म्हणाले, “लढाईला दुसऱ्या दिवशी गेले.”

“कुठे लिहिलंय?”

“न लिहिता कळतं. शहाणी माणसं होती ती.”

माझं म्हणाल, तर मी देव मानतो की नाही हे समोर कोण बसलंय त्यावर असतं. तात्यांसमोर मानतो, मेहुण्यासमोर शंका काढतो, आणि एकटा लिफ्टमध्ये अडकलो तर कडक भक्त होतो. इथे दोघेही समोर होते, तेव्हा मी विद्वान माणसाला बोलवायचं ठरवलं. तळमजल्यावर एक महाराज राहतात. मूळचे याच गावचे, जमीन बिल्डरला गेली, बदल्यात फ्लॅट आले. कीर्तन करतात आणि पोथ्यांचं कपाट बाळगून आहेत. मी फोन केला, ते पोथी लाल फडक्यात बांधून लगेच आले.

बायकोने सगळ्यांना चहा दिला. बशी ठेवताना ती माझ्याकडे बघत होती. तो चहा गोड होता, पण मला तसा लागला नाही.

महाराजांनी पोथी उघडली, बराच वेळ पानं चाळली आणि म्हणाले, “तात्या, हितं हत्यार पुजावं असं हाय. बंद ठेवावं असं न्हाई.”

“बघा!” मेहुणा ओरडला.

“थांब की गड्या. पोथीत न्हाई म्हंजे चालवावं असंबी न्हाई. आपल्या वाडवडलांनी बंद ठेवलं, ती रूढी. पोथीतली अक्षरं पुसतील, रूढी न्हाई पुसली जायची.”

“महाराज,” मेहुण्याने विचारलं, “तुमचा जेसीबी कुठंय आज?”

महाराजांनी पोथीचं पान उलटलं. “भाड्यानं गेलाय. ताथवड्याला.”

“येताना मी बघितला की, हार घालून पार्किंगमधून निघालेला.”

“व्हय, घातला ना. पण चालवतोय ड्रायव्हर. मी हितं बसलोय का न्हाई?”

“वा! मग पूजा दाजींची, शिवणारी ताई, आणि पापही ताईचंच. जमलं!”

मला हा अर्थ पटण्यासारखा वाटला. मी तसं बोलूनही दाखवलं. बायकोने चहाचे कप जरा जोरात उचलले.

“तू एवढा बोलतोयस,” ती भावाला म्हणाली, “तुझा तर कशावरच विश्वास नाही. मग तूच ये, माळ काढ आणि पायडल मार. बाह्या मी धरते.”

मेहुण्याने मशीनकडे बघितलं. मशीनच्या चाकाला कुंकू होतं, उदबत्तीचा धूर अजून वर जात होता. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला.

“मी कसा काय, ताई? मला शिवता येतं का?”

“नुसतं पायडल मारायचंय.”

“ताई, देव वगैरे काही नसतो. ते सोड. पण मशीन असतं ना? मी रोज शिफ्टला प्रेसच्या पाया पडून हात कपाळाला लावतो. त्यात भक्ती नाही. पण ते मशीन आपल्याला बघत असतं. उगाच त्याला डिवचायचं कशाला?”

“म्हंजे देव न्हाई, पर त्याची भीती हाय,” महाराज म्हणाले. “माझ्या कीर्तनाला येत जा. तुझ्यासारखी लई येतात.”

तात्या गालातल्या गालात हसत आहेत हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

“याचंच खरं आहे,” ते मेहुण्याकडे बोट दाखवून म्हणाले. “मी देव मानायला लागलो तो काही पोथी वाचून नाही. आमचा मालक कुणाला सुट्टी द्यायचा नाही. ताप येऊ दे, घरात बारसं असू दे, प्रेस चालू. माझ्या शेजारच्याचं बोट गेलं, फडकं बांधून त्याला दवाखान्यात पाठवलं, आणि दुपारी त्या प्रेसवर दुसरा उभा. पण नवमीला काय व्हायचं माहीत आहे? मालक स्वतः येऊन मेन स्विच पाडायचा. पाडून झाला की दोन पावलं मागे सरून हात जोडायचा. म्हटलं, या माणसालाही घाबरवील असा कुणीतरी वर आहे. मला तेवढा पुरावा बास होता.”

मेहुण्याने स्वतःची दहाही बोटं एकदा बघून घेतली.

“आणि पूजा?” बायकोने हळूच विचारलं. “मामा, पूजा मालक करायचे का?”

ती तात्यांना मामा म्हणते. तात्यांनी मान वर केली.

“छे! एका वर्षी आला होता, ताट घेऊन. फोटो काढायचा होता त्याला. माझ्या प्रेसला कुंकू लावलं. तो गेल्यावर मी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि परत माझी पूजा केली. त्याच्यासमोर बोलायची हिंमत नव्हती, पण प्रेस माझा होता. बोटं माझी जाणार, तर हळदही माझीच लागणार.”

बोलता बोलता तात्या थांबले. मग त्यांनी मशीनकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. प्लॅनिंगला असल्यामुळे संकट कुठून येतंय हे मला आधी कळतं, टाळता मात्र येत नाही.

“अरे, या मशीनची पूजा कुणी केली?”

“मी.”

“मशीन कुणाचं?”

“हिचं.”

“तू कधी बसलायस यावर?”

“एकदा. पडद्याला टीप मारायला. सुई बोटात गेली होती.”

“एकदा! आणि निघाला पूजा करायला.” तात्या खुर्चीतून उठले. “ही पूजाच नाही. हा मालकाचा फोटो झाला. महाराज, काय म्हणता?”

महाराजांनी पोथी मिटली आणि लाल फडक्यात बांधली. “ह्ये पोथीत न्हाई. पर असायला पायजे व्हतं.”

“सूनबाई,” तात्या म्हणाले, “ओलं फडकं आण. तुझं हत्यार अजून बसलेलंच नाही. काम उरक, मग तुझी तू पूजा कर. तेव्हा बसलं की मग उद्यापर्यंत हात लावायचा नाही. तेव्हा मी पुन्हा खुर्ची टाकून बसेन.”

बायकोने फडकं आणलं, पण ते माझ्या हातात दिलं. मी माझंच कुंकू पुसलं. मी झेंडूची माळ काढून ठेवत होतो, तेव्हा मेहुणा म्हणाला, “दाजी, पूजा रद्द झालेला माणूस मी पहिल्यांदा बघतोय. मी नास्तिक असून माझी एकही रद्द झालेली नाही.”

“तू केलीच नाहीस कधी,” मी म्हणालो.

“म्हणूनच.”

बाहीला टिपा पडू लागल्या. मशीनचा तो टकटक आवाज ऐकून मी समाधानाने सोफ्यावर टेकलो आणि खिशातून मोबाईल काढला. तात्यांचा हात पुढे आला.

“दे इकडे.”

“का?”

“भाकरी कशावर कमावतोस? दिवसभर यावरच बोलतोस ना? मग हत्यार हेच. किल्ली कसली पुजतोस, किल्लीवर काय कमावलंस तू?”

मी मेहुण्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “दाजी, माझा विश्वास नाही, पण तर्क बरोबर आहे.” महाराज म्हणाले, “व्हय, व्हय.” घरात आस्तिक आणि नास्तिक यांचं एकमत झालं की तिसऱ्याने मुकाट हात पुढे करावा. मी स्वतःच्या हाताने मोबाईलला हळद-कुंकू लावलं, एक फूल वाहिलं आणि तो पाटावर पान्याशेजारी ठेवला. दुपारी साहेबांचा फोन आला. फूल थरथरत थरथरत पाटाच्या कडेला सरकलं.

“वाजू दे,” तात्या डोळे मिटून म्हणाले. “आरती समज.”

दिवे लागायच्या आत ब्लाउज झाला. मुलगी स्वतःच आईबरोबर आली. आतल्या खोलीत घालून बघितला, आणि बाहेर येऊन तिने दोन्ही हात वर करून गोल गिरकी घेतली. बाह्या जागच्या हलल्या नाहीत. आईने जाताना लग्नाच्या साड्यांची गोष्ट काढली आणि दिवाळीनंतर सवडीने बसू म्हणाली. बायको नुसती ‘हो हो’ करत राहिली, पण दार लावल्यावर तिने कडी दोनदा तपासली. फार खूश झाली की ती असं करते.

मग तिने मशीन पुसलं, तेल दिलं, सुईच्या दांडीपासून पायडलपर्यंत हळद-कुंकू लावलं आणि सकाळचीच माळ पाणी शिंपडून परत घातली. मी चार पावलं लांब उभा होतो. मला कुणी ताट धरायलाही बोलावलं नाही. तात्यांनी सांगितल्याप्रमाणे खुर्ची टाकली आणि ते लगेच घोरायला लागले.

जेवणं झाल्यावर ओटा पुसता पुसता बायको म्हणाली, “पूजा तुम्हाला जमत नाही, ते काही आता शिकवून यायचं नाही. पण इतक्या वर्षांत या घरात माझ्या मशीनला कुणी हत्यार म्हटलं नव्हतं. दूध घेऊन वर आले आणि ती माळ बघितली ना, तेव्हा क्षणभर फार बरं वाटलं होतं मला. मग बाह्या आठवल्या.”